करारात गुडघ्याचं नाव नाही

भाच्याला पुण्याच्या एका क्लबच्या युवा संघाचं बोलावणं आलं, त्या दिवशी आमच्या बागेत केळीची कापणी चालू होती. पोरगा थेट बांधावर आला. माझे दोन्ही हात चिकानं बरबटलेले, म्हणून त्यानंच करार वाचून दाखवला. तीन पानं. एक वर्षाची मुदत, राहणं-जेवण क्लबचं, वर थोडा हातखर्च. बारावीला त्याला बरे मार्क आहेत, इंजिनिअरिंगला इथंच फैजपुरात प्रवेश मिळतोय. संध्याकाळी बहीण आली ती डोळे पुसतच. "भाऊ, तूच सांग याले काहीतरी."

मी काय सांगणार? ऐंशीच्या दशकात भुसावळच्या रेल्वे मैदानावर मी स्वतः गोलकीपर म्हणून माती खाल्ली आहे. तेव्हा आमच्यापुढे हा पेचच नव्हता. खेळ चांगला असला की रेल्वे, पोलीस, नाहीतर मुंबईत ऑर्के मिल, मफतलाल, टाटा, महिंद्रा. संघात नाव लागलं की हजेरीपटावरही लागायचं. गुडघा गेला तर बूट जायचे, टेबल-खुर्ची राहायची. माझं नाव कुठंच लागलं नाही, म्हणून मी धनाजी नाना महाविद्यालयात बी.कॉम. केलं आणि केळीत आलो. त्याची खंत नाही. (थोडी आहे.)

आता ती टेबल-खुर्ची गेली. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड त्यानंतर चार वर्षांतच बंद पडला. पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला. जुलै २०२५ मध्ये तर अख्खी इंडियन सुपर लीगच हक्कांच्या कराराच्या घोळात थांबवून ठेवली आणि पुढच्याच महिन्यात काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची ही गत, तर युवा संघातल्या पोराला कोण विचारतो?

तरीही 'आधी डिग्री घे, मग खेळ' हा शहाणपणा मला पटत नाही. अठरा ते बावीस ही फुटबॉलपटू घडण्याची वर्षं. ती वर्गात घालवून तेविसाव्या वर्षी मैदानावर गेलात, तर तुमच्या जागी दुसरा उभा असतो. आणि डिग्रीचा भरवसा तरी काय? आमच्या गल्लीतले तीन इंजिनिअर पुण्यात आहेत. त्यातला एक खोलीभाडं भरून किती उरतं ते आईला सांगत नाही. अमेरिकेत विद्यापीठच शिष्यवृत्ती देऊन खेळाडू पोसतं आणि तिथून व्यावसायिक संघात जाता येतं. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बघायला क्लबचा माणूस आलेला मी तरी पाहिला नाही.

केळीला पिलं फुटतात. ती वेळच्या वेळी कापावी लागतात, नाहीतर घडाची ताकद खातात. पण बाग निसवली की आम्ही एक पील राखतो. पुढच्या वर्षीची पिलबाग त्याच्यावर. पोराचंही तसंच. अंगातली सगळी ताकद त्यानं फुटबॉलला द्यावी, पण एक पील राखावं. जॉर्जो किएल्लिनी युव्हेंटसच्या बचावफळीत खेळत असतानाच २०१० मध्ये पदवीधर झाला, २०१७ मध्ये पदव्युत्तर. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान असलेले तालिमेरेन आओ तेव्हा कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होते. त्यांनी पुढे फुटबॉल सोडून नागालँडमध्ये दवाखान्याची वाट धरली.

कोणी म्हणेल, ही मोठी माणसं. मग आपल्यातली घ्या. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला आणि २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच एकवीस जणांच्या संघात अन्वर अली होता. दोन वर्षांनी त्याच्या हृदयात दोष निघाला. फुटबॉल महासंघानं त्याला खेळण्यापासून रोखलं, तेव्हा विशीतल्या या पोराला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. तो परत आला, भारताच्या मुख्य संघात पोचला, ही त्याची जिद्द. पण परत आला नसता तर?

म्हणून माझं भांडण पोराशी नाही, कागदाशी आहे. त्या तीन पानांत शिस्तीवर अकरा कलमं आहेत. शिक्षणावर एक नाही, दुखापतीवर एक नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी क्लबनं पोराला घेतलं की दोन वर्षं शिक्षणाची सोय त्या करारातच असते, कारण बहुतेकांना पुढे व्यावसायिक करार मिळत नाही हे क्लबलाही ठाऊक असतं. आपल्याकडे सरकारसुद्धा हा हिशेब करत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा 'महादेवा' योजनेचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालची मुलं-मुली निवडायची, पाच वर्षं शिष्यवृत्ती द्यायची. चांगलंच आहे. पण म्हणजे पैसे संपणार पोर सतरा-अठराचं झाल्यावर, नेमके बारावीच्या तोंडावर. या पाच वर्षांपुढची सोय आत्ताच लिहून ठेवायला हवी, आणि पोर ताब्यात घेणाऱ्या प्रत्येक क्लबवर शिक्षणाचं नि विम्याचं कलम सक्तीचं करायला हवं. कॉलेजांनीही जिल्हा-राज्य खेळणाऱ्या पोराला हजेरीसाठी छळू नये. नाशिकच्या मुक्त विद्यापीठासारखी सोय आहे, पण ती सांगतो कोण?

परवा मी क्लबला फोन लावला. म्हटलं, गुडघा गेला तर ऑपरेशन कोण करणार? पलीकडचा पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, विचारून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. भाचा रोज पहाटे बागेच्या रस्त्यानं धावतो. बहिणीनं मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून ठेवलाय. त्यात बी.ए. लिहायचं की बी.कॉम. यावर मायलेकांचं भांडण चालू आहे.