पाकिटातले पीक

आमच्या घराण्यातला एक पुतण्या पुण्यात राहून व्यवस्थापनशास्त्र शिकला आहे. दिवाळीला परभणीस आला, म्हणजे चकलीचा तुकडा मोडता मोडता तो मला जगाची नवी रीत समजावून देतो. "काका, धंदा मालाने बदलत नाही, मांडणीने बदलतो. जुनी घडी विस्कटील तोच पुढे जातो. ह्याला डिसरप्शन म्हणतात." मग तो टॅक्सीची, हॉटेलांची, सिनेमाची उदाहरणे देतो. सगळी अमेरिकेतली. मला गंमत वाटते ती ही, की ज्या घडी विस्कटण्याचे त्याला एवढे अप्रूप, ती त्याच्याच आजोबांच्या शेतात केव्हाच विस्कटून गेली आणि तिचा धडा त्याच्या कॉलेजात कोणी लावला नाही.

मी बियाण्याबद्दल बोलतो आहे.

मानवत, सेलू, परभणी ही कापसाची गावे. निजामाच्या अमदानीत ह्या मुलखातला गावरानी कापूस देशी कापसांत चांगल्या धाग्याचा म्हणून नावाजलेला होता. नांदेडची उस्मानशाही गिरणी ह्याच मुलखात चालली. तो पेरायला बी कुठून येई? त्याच कापसाच्या सरकीतून. पुष्कळशी सरकी म्हशीच्या पुढ्यात जाई, निवडक तेवढी बाजूला निघे. पेरणीच्या आधी ती शेणामातीत चोळून वाळवायची. म्हणजे अंगची लव बसते आणि दाणा सरत्यातून मोकळा पडतो. ज्वारीची कणसे आढ्याला टांगलेली, तुरीचे बी राखेत, भोपळ्याचे बी शेणात घालून भिंतीला थापलेले. हे सारे बायकांचे खाते. घरचा कर्ता पुरुष बाहेर कितीही गुरगुरो, त्या मडक्यांना हात लावण्याची त्याची छाती नसे.

ते बियाणे फार उत्तम होते असे मी म्हणणार नाही. जुने ते सगळे सोने असते, तर आमच्या वाडवडिलांनी कर्ज कशाला काढले असते? उतार बेताचाच, पाऊस हुकला की तोही नाही. पण ते बी विकत घ्यावे लागत नसे. आणि जे विकत घ्यावे लागत नाही त्याचा धंदा होत नाही. ग्यानबाची मेख इथे आहे.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला तो पहिला संकरित कापूस. दोन निराळ्या वाणांचा हाताने संकर करायचा. संध्याकाळी फुलाचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. एकेका बोंडामागे एवढा खटाटोप. पीक जोरकस येते ह्यात शंका नाही. परंतु त्या पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली, तर एक झाड आईवर जाते, दुसरे बापावर आणि तिसरे कोणावरच नाही. तेव्हा दर वर्षी नवे बी घ्या! विकणाऱ्याला पहारा ठेवायला नको, की करार करायला नको. कुलूप बियाच्या पोटातच असते.

आमच्या नांदेडच्या केंद्राचा 'एनएचएच-४४' हाही संकरितच होता आणि ऐंशीच्या दशकापासून त्याने मराठवाड्याची रानेच्या राने व्यापली. पण तो सरकारी होता, दर आवाक्यातला होता, म्हणून कुलूप कोणाला टोचले नाही. एकदा मात्र दर साली पाकीट आणण्याची सवय लागली, की ते पाकीट कोणाच्या हातचे, हा प्रश्न फक्त काळाचा राहतो.

शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली. ह्या गृहस्थांची थोरवी मी नाकारीत नाही. 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी शेतकऱ्यांकरवीच बियाणे पिकवून घेण्याची रीत बसवली आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. जालन्याच्या माणसाने हे करावे, ह्याचा मराठवाड्याला अभिमानच वाटावा. (त्याच 'पुसा सावनी'च्या रक्तातून आमच्या परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली. तिचे बी घरी धरता येते. दोन शेजारी, एक भेंडी, आणि वाटा किती वेगळ्या!)

२००२ साली केंद्र सरकारने महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. जनुक मोन्सँटो ह्या अमेरिकन कंपनीचे. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या, हे ज्यांनी पाठीवर पंप वाहिला त्यांना विचारा. ते खोटे सांगणार नाहीत. दहा-बारा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. पण पाकीट सोळाशे रुपयांच्या वर गेले होते, आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे जाऊन भांडले, तेव्हा तेच पाकीट साडेसातशेवर आले. अर्ध्याहून कमी किमतीत विकूनही कोणाचे दिवाळे निघाले नाही, ह्यावरून आधीचा दर कशाचा होता ते वाचकांनी ओळखावे.

आता माझ्या तक्रारीचे मर्म सांगतो. हेच जनुक अमेरिकेत आणि चीनमध्ये बहुतांशी सरळ वाणांत घातले गेले, म्हणजे ज्यांची सरकी पुन्हा पेरता येते अशांत. अमेरिकेत बी धरू नये म्हणून कंपनीला शेतकऱ्याकडून करार लिहून घ्यावा लागतो. सोयाबीनच्या बियाण्यावरून व्हर्नन बोमन नावाच्या वृद्ध शेतकऱ्याचा खटला २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो हरला. आपल्याकडे २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याचे एकोणचाळिसावे कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क देते. छापा मारून कंपनीचे नाव विकू नये, एवढीच अट. केवढा उदार कायदा! आणि बीटी मिळाले ते संकरितात. हक्क कागदावर शाबूत आणि मडके रिकामे.

शहरातले मित्र म्हणतात, शेतकऱ्याने आपखुशीने घेतले, कोणी बंदूक लावली होती का? पहिल्या वर्षी आपखुशीने घेतले, मान्य. पाचव्या वर्षी दुकानात दुसरे काही उरलेच नाही. बियाणे हे काही पोथी नव्हे, की फडताळात पन्नास वर्षे पडून राहील. चार-पाच हंगाम पेरले नाही की ते मरते, आणि त्याच्याबरोबर ते कसे निवडावे ही जाणही मरते.

महाग बियाण्याचा दुसरा परिणाम रानात दिसतो. पाकीट महाग, म्हणून दाणा दाणा मोजून, लांब अंतरावर टोकायचा. झाडे विरळ, म्हणून एकेका झाडाकडून पुष्कळ बोंडांची अपेक्षा, म्हणून ते पऱ्हाटे संक्रांतीनंतरही उभे. त्या लांबलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळीने संसार थाटला. गुजरातेत ती बीटीला दाद देत नाही, हे मोन्सँटोने २०१० सालीच कबूल केले होते. २०१७ साली तिने मराठवाडा-विदर्भाची बोंडे पोखरली. आता फवारणीही आहे आणि पाकीटही आहे. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये दर होता, म्हणजे किलोला जवळजवळ १,९०० रुपये. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. घेताना तेवीसपट आणि देताना एकपट!

पण सगळा दोष कंपनीच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. आमच्या जिल्ह्यात कापसाची पुष्कळशी जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनला कुलूप नाही. ते स्वपरागी पीक. आमच्या विद्यापीठाचे 'एमएयूएस-७१' पेरले तर पुढच्या वर्षी तेच उगवते. तरी आम्ही दर जूनला पिशवीच्या रांगेत! २०२० साली मराठवाड्यात कितीतरी जणांच्या पिशव्या उगवल्याच नाहीत, दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा घरचे बियाणे आठवले. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवायचा, कारण सोयाबीनचे टरफल नाजूक. पोत्यांची थप्पी उंच लावायची नाही. आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर बी चांगले. एवढे सोपे काम आमच्या आज्यांनी डोळे मिटून केले असते. आम्हाला सवड होत नाही. मोबाइलवर भाव पाहण्यात वेळ जातो.

२०२४ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'एनएच १९०१', 'एनएच १९०२' आणि 'एनएच १९०४' असे कापसाचे तीन सरळ बीटी वाण जाहीर केले. सरळ म्हणजे सरकी धरता येणारे, दाट पेरता येणारे. संकरितांइतके ते पिकतील का, हे आमच्या काळ्या रानात चार पावसाळे पाहूनच ठरेल. परंतु ही गोष्ट वीस वर्षे आधी का घडली नाही, हे सरकारला कोणी विचारले पाहिजे की नाही? सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांनी जनुक खाजगी संकरितांत जाऊ दिले आणि स्वतः मागे राहिल्या. हे आळसाने झाले की संगनमताने, ते मी ठरवीत नाही. मराठवाड्याने १९७२ साली विद्यापीठ मिळवले ते दरवर्षी मेळाव्यात फेटे बांधण्यासाठी खचित नव्हे.

दुकानदार हे वाण आपणहून दाखवणार नाही. एकदा विकले की तेच गिऱ्हाईक पुढल्या साली परत येत नाही. असा माल कोण मांडील? तो मागावा लागेल. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरिपाचा मेळावा भरतो आणि बियाण्याच्या विक्रीला रांग लागते. पुतण्याला मी सांगून ठेवले आहे की यंदा मे महिन्यात सुट्टी काढून ये आणि त्या रांगेत माझ्यापुढे उभा राहा. माझे गुडघे आता तितका वेळ धरत नाहीत.