कर्ज सांगणाऱ्याला लाल शाई, लपवणाऱ्याला बढती

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि त्या संध्याकाळी आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठ्यांचा नुसता ढीग पडला. एका साहेबांनी लिहिलं, "चला, जवानांच्या मागची ही पीडा एकदाची गेली." मी तेव्हा गप्प बसलो. ग्रुपवर वाद घातला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडला जातो. म्हणून इथं लिहितो.

पीडा गेलेली नाही. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. कल्याण मटका सुरू झाला १९६२ ला. म्हणजे कायदा पंचाहत्तर वर्षं आधीच येऊन बसला होता, तरी आमच्या गावच्या पानटपरीवर ओपन-क्लोजचे आकडे रोज लागायचे. नवा कायदा चांगला आहे. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही, हे मला विशेष पटलं. पण माझं भांडण त्या कंपन्यांशी नाहीच. ते आपल्याशी आहे, पलटणीतल्या आपल्या एका जुन्या सवयीशी.

मी सिग्नल्सचा माणूस. जबलपूरला ट्रेनिंग केलं आणि पुढची सगळी नोकरी तारा, सेट आणि संदेश यांत गेली. शेवटची काही वर्षं सिग्नल सेंटरचा जेसीओ होतो. सांकेतिक संदेश जिथं बांधले आणि उलगडले जातात, त्या खोलीत कुणालाही बसवत नाहीत. माणूस पारखून घेतात. माझी पारख झाली तेव्हा ठाण्यातले हवालदार गावी आले, पोलीस पाटलांना भेटले, चहा प्यायले आणि 'मुलगा सरळ आहे' असं लिहून गेले. मुलगा सरळ होताच. पण पुढच्या सगळ्या नोकरीत 'तुझ्या डोक्यावर कर्ज किती?' असं मला एकदाही कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आता त्या पोराची गोष्ट. नाव, पलटण, ठिकाण लिहीत नाही. राजस्थानातली छावणी होती आणि २०२२ चा मे महिना. रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. आयपीएल रंगात आलेली. पोरगा शिराळ्याकडचा, मी कराडचा, त्यामुळे लंगरात जेवताना तो माझ्याशी मराठीत बोलायचा. कामात हुशार. संदेश उलगडताना त्याची चूक काढायची म्हटलं तर दिवस जायचा.

त्यानं एएफपीपी फंडातून पैसे काढायचा अर्ज केला. कारण लिहिलं, घराची दुरुस्ती. मला माहीत होतं की त्याच्या घराचा स्लॅब मागच्याच वर्षी पडला होता. पेढे मी खाल्ले होते. तरी अर्ज पुढं पाठवला. मनात म्हटलं, असेल काहीतरी घरचं. अर्जातली माझी सही ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक फोनवर झाली. एका दुपारी अनोळखी नंबर आला. पलीकडचा म्हणाला, "सूबेदार साहब सिग्नल सेंटर बोल रहे हैं?" मला वाटलं एक्सचेंजमधून कुणीतरी आहे. मी "जी" म्हणालो. तो म्हणाला, "आपका लड़का पैसा नहीं दे रहा है."

ते एका कर्जाच्या अ‍ॅपचे वसुलीवाले होते. पोरानं सात हजार घेतले होते. ते अ‍ॅप फोनवर टाकताना त्यानं फोनमधली सगळी नावं-नंबर बघायची परवानगी दिली होती, कारण तिच्याशिवाय कर्ज पुढं सरकतच नाही. आणि त्याच्या फोनमध्ये माझं नाव कसं साठवलेलं होतं? 'सुभेदार साहेब सिग्नल सेंटर'. तसेच 'अ‍ॅडज्युटंट साहेब', 'एमटी जेसीओ', 'एक्सचेंज नाइट ड्यूटी'. आपण सगळेच असं साठवतो. कोण कुठल्या खुर्चीवर बसतो आणि त्याला कुठल्या नंबरवर गाठायचं, हे सगळं त्या सात हजारांबरोबर कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसलं. आणि ते खरं असल्याची पावती मी स्वतः 'जी' म्हणून दिली.

जुलै २०२० मध्ये लष्करानं ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला लावली, फेसबुकसकट. मी स्वतः पोरांचे फोन हातात घेऊन तपासत असे. एवढा बंदोबस्त, आणि यादी गेली ती दुसऱ्याच दारानं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला कर्जाची सुमारे ११०० अ‍ॅप सापडली होती, त्यांतली ६०० बेकायदा. अ‍ॅपनी फोनमधली नावं, फोटो, कॉलची यादी बघू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ चा, म्हणजे आमचं व्हायचं ते होऊन गेल्यावरचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १३८ सट्ट्याची आणि ९४ कर्जाची अ‍ॅप एकदमच बंद केली, कारण त्यांचे धागे चीनपर्यंत जात होते. सट्टा आणि कर्ज एकाच आदेशात. ज्यानं तो आदेश लिहिला त्याला दोन्हींचं नातं नीट कळलं होतं. एक अ‍ॅप खिसा रिकामा करतं, दुसरं तो भरायला येतं आणि मोबदल्यात तुमची माणसं मोजून घेतं.

मी पोराला पाण्याच्या टाकीमागं नेलं. विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग रडला. रमी आणि क्रिकेटच्या टीम लावण्यात मिळून पाच लाख ऐंशी हजारांचं देणं झालं होतं. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर ५,२०० एमएसपी, मग महागाई भत्ता. तुम्हीच हिशोब करा. मी विचारलं, "अरे, आधी का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "साहेब, बोललो असतो तर सेंटरमधनं काढलं असतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण तो खरं बोलत होता.

मग मी तिसरी चूक केली, आणि ती सगळ्यात मोठी. प्रकरण आपल्याच पातळीवर मिटवू म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! माझे चाळीस हजार त्याला दिले. सगळ्यांचे एकदम फेडतो म्हणून त्यानं ते पुन्हा लावले आणि दोन रात्रींत घालवले. वसुलीवाल्याच्या फोनपासून मी सीओ साहेबांसमोर उभा राहीपर्यंत एकवीस दिवस गेले. ते एकवीस दिवस तो पोरगा रोज माझ्यासमोर बसून गुप्त संदेश उलगडत होता, आणि त्याच्यावर केवढं ओझं आहे हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. कुणी शत्रू त्याच्याकडं आला नाही. त्यानं काही विकलं नाही, याची पुढं कसून चौकशी झाली. पण हे आमचं नशीब होतं. बंदोबस्त म्हणून मिरवावं असं त्यात काही नव्हतं.

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. त्याला सेंटरमधून काढलं, ते योग्यच झालं. लाल शाईची नोंद झाली. आणि पुढच्या दरबारात त्याचं उदाहरण सगळ्यांसमोर दिलं गेलं. हेतू चांगला होता, पोरांना जरब बसावी. जरब बसली. त्या दिवसापासून मी पेन्शनवर येईपर्यंत एकही जवान माझ्याकडं पैशाची अडचण घेऊन आला नाही.

मागच्या वर्षी एका लग्नात जुना सोबती भेटला, तेव्हाचा नाईक. पंगत उठल्यावर पान खाता खाता सहज म्हणाला, "साहेब, त्या दरबाराच्या वेळी माझंही तीन लाखांचं होतं. बायकोचे दागिने मोडून भागवलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही." त्याच वर्षी त्याला हवालदाराची फीत मिळाली होती. तोही संदेशाच्याच खोलीत बसायचा.

म्हणून मी म्हणतो की आपण उलटं शिकवतोय. हेराला जुगारी माणूस लागत नाही. त्याला लपवणारा माणूस लागतो. ज्याचं कर्ज सीओला, सोबत्यांना आणि बायकोला ठाऊक आहे, त्याला धमकवायचं कशावरून? आणि ज्याचं कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या मानेवर कुणीही पाय ठेवू शकतो.

आमच्याच ट्रेडचं उदाहरण देतो. अमेरिकन नौदलातला जॉन वॉकर, संदेशांच्या कामातला वॉरंट ऑफिसर. त्यानं एक बार काढला, तो चालला नाही, कर्ज झालं. १९६७ च्या अखेरीस हा गडी स्वतः चालत वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि सांकेतिक किल्ल्या विकायला लागला. १९८५ ला पकडला जाईपर्यंत सतरा वर्षं विकत राहिला. त्याच्याकडं कुणी सुंदरी पाठवावी लागली नाही.

त्या लोकांच्या सुरक्षा-मंजुरीच्या नियमांत, २०१७ पासून लागू असलेल्यांत, तेरा कलमं आहेत आणि पैशाच्या कलमात जुगाराचा उल्लेख नावानिशी आहे. जुगारासाठी उसनं घेणं तिथं दोष धरलंय, आणि जुगारातलं नुकसान लपवणं हा वेगळा दोष. त्याच कलमात पुढं हेही लिहिलंय की माणूस प्रामाणिकपणे फेड करत असेल, सल्ला-उपचार घेत असेल, तर ते त्याच्या बाजूनं मोजावं. अमेरिकेचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. पण परतीचा रस्ता कागदावर लिहिलेला असला की माणूस तोंड उघडतो, एवढं त्यांना समजलंय.

"मग काय जुगाऱ्याला कोडबुकाजवळ बसवायचं?" असं एका निवृत्त कर्नल साहेबांनी मला फोनवर विचारलं. नाही साहेब. त्याला त्या खुर्चीवरून त्याच दिवशी उठवा. पण जो स्वतः चालत आला त्याच्या कागदावर लाल शाई ओतू नका, दरबारात त्याचं नाव घेऊ नका, आणि फेड पूर्ण झाली की परत कधी तपासणार त्याची तारीख सांगा. जो लपवताना सापडला त्याला काय द्यायचं ते द्या. आज दोघांच्या ताटात एकच वाढतो आपण, मग पहिला कशाला येईल?

दुसऱ्या बाजूचेही ऐका. "पगार माझा, घामाचा, मी काहीही करीन" असं म्हणणारी पोरं मला भेटली आहेत. शिवाय रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं १९६८ ला सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, हेही त्यांना पाठ असतं. बाळांनो, असेल कौशल्याचा. वसुलीवाला फोन करतो तेव्हा तू कौशल्यानं हरलास की नशिबानं, ते विचारत नाही. आणि पगार तुझा असला तरी फोनमधले नंबर आमचे आहेत.

मी काही सोवळा नाही. तंबोल्याची तिकिटं मीही घेतलीत आणि एकदा फुल हाउससुद्धा लागलंय. पूर्वी पगाराच्या रात्री बॅरॅकमध्ये तीन पत्ती व्हायची. तेव्हा कोण किती हरला ते अख्ख्या बॅरॅकला दिसायचं. पोरगा तीन पगार सलग हरला की एखादा जुना हवालदार पत्ते उचलून लंगरच्या चुलीत टाकायचा, आणि त्याच्या घरी मनीऑर्डर गेली की नाही ते स्वतः बघायचा. आता पोरगा चादरीत तोंड घालून हरतो. शेजारच्या खाटेवरच्याला वाटतं, घरी बोलतोय. बघणारा तो हवालदार आपण कामावरून काढून टाकला आणि त्याच्या जागी दरबारातलं भाषण ठेवलं.

वर्षातून एकदा संवेदनशील जागेवरच्या प्रत्येकाला बंद खोलीत विचारा, देणं किती आणि कुणाचं. शिपायाला विचारा आणि साहेबालाही विचारा. क्लबातली रमी काही वेगळ्या पत्त्यांनी खेळत नाहीत.

पोरगा अजून नोकरीत आहे, दुसऱ्या कामावर. दर महिन्याला मला दोन हजार पाठवतो. चाळीसपैकी चौदा हजार राहिलेत. मी नको म्हटलं तर रागावतो.

माझा नंबर मात्र तोच आहे. गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. बाईचा आवाज, गोड हिंदी. "सूबेदार साहब, आप अभी भी सिग्नल सेंटर में हैं ना?" पेन्शनवर आल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. मी फोन ठेवला, नंबर कागदावर उतरवून घेतला आणि जिथं कळवायचा तिथं कळवला. या वेळी एकवीस दिवस लावले नाहीत.