काळा डाग चालेल, ठणकणारी दाढ नको



दातांसाठीच्या नव्या जिवाणूरोधक पदार्थांबद्दल हल्ली भरभरून लिहिले जाते. नॅनोकण मिसळलेली सिमेंटे प्रयोगशाळेतल्या बशीत जंतूंचा फडशा पाडतात. तोंडात मात्र काही मिनिटांतच त्यांच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा थर बसतो आणि स्पर्शाने जंतू मारणारा पदार्थ त्याखाली झाकला जातो. हे संशोधन चालू राहिलेच पाहिजे. पण जे सिद्ध झाले आहे, ते तरी आपण मुलांपर्यंत का पोहोचवत नाही?

दातांची कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध जपानमध्ये पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दात भरण्याच्या ग्लास आयनोमर सिमेंटबरोबर त्यालाही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा कडक करते. भूल द्यावी लागत नाही, मशीन लावावे लागत नाही, वीजही लागत नाही. ओठांना व्हॅसलिन लावायचे, दाढ कापसाने कोरडी करायची आणि बारीक ब्रशच्या टोकावरचा थेंब मिनिटभर चोळायचा. चार वर्षांचे रडवेले पोरही बहुधा तेवढा वेळ आ करून बसते.

दात काळा पडतो, हा यावरचा मोठा आक्षेप, आणि तो खरा आहे. किडलेला भाग काळाकुट्ट होतो. मुलीच्या हसण्यात दिसेल म्हणून पालक नको म्हणतात. काही दंतवैद्य तर विषयच काढत नाहीत. पुढच्या दातांबाबत ही काळजी मी समजू शकतो. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायला हव्यात. त्या ठणकू लागल्या की मूल रात्रभर झोपत नाही, एकाच बाजूने चावते, शाळा बुडवते. डागाचा फोटो आधीच दाखवावा आणि पालकांना ठरवू द्यावे. हिरडीतून पू येत असेल किंवा गाल सुजला असेल, तर मात्र हे औषध उपयोगाचे नाही; तिथे दंतवैद्यच गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला जातात. हे औषधही सहा महिन्यांनी पुन्हा लावायचे असते. वेगळी यंत्रणा उभारायची गरजच नाही! आज कीड दिसली की मुलाला पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. तालुक्याला जायचे म्हणजे मजुरीचा खाडा, म्हणून ती चिठ्ठी अनेकदा घरातच राहते. त्याऐवजी पथकातल्या परिचारिकेला प्रशिक्षण द्यावे आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकाने देखरेख ठेवावी. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या मोठ्या अभ्यासात परिचारिकांनी लावलेले हे औषध डेंटल हायजिनिस्टनी लावल्याइतकेच गुणकारी ठरले आहे. आपले नियम आड येत असतील तर ते बदलावेत.

आरोग्य विभागाने पुढच्या फेरीपासून पाटण किंवा जावळीसारख्या डोंगरी तालुक्यात सुरुवात करावी आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांचे दात पुन्हा तपासून आकडे जाहीर करावेत.

— एक दंतवैद्य, जि. सातारा