जात विचारता, मग ती ठेवता कुठे?

आमच्या संस्थांना संकेतस्थळ काढण्याची भारी घाई. बोधचिन्ह ठरते, बाबासाहेबांचे छायाचित्र लागते, पाहुणे बोलावून उद्घाटन होते. ‘वापराच्या अटी’ आणि ‘गोपनीयता धोरण’ ही दोन पाने मात्र कुठल्यातरी कंपनीची उचलून चिकटवली जातात. तीही इंग्रजीत, आणि कधी कधी त्या कंपनीचे नावसुद्धा न खोडता. आम्हाला हा प्रकार साधा वाटत नाही.

कारण आमचे अर्ज साधे नसतात. वधू-वर नोंदणी असो, शिष्यवृत्ती मार्गदर्शन असो की वसतिगृह. जात, पोटजात, धर्म, उत्पन्न, मोबाईल क्रमांक सगळे आम्ही मागतो. जातीचा दाखला हा आरक्षणासाठी हक्काचा कागद आहे. पण तीच जात घरमालकाच्या किंवा कचेरीतल्या साहेबाच्या हाती लागली की काय होते, हे आमच्या वाचकाला सांगायला नको.

कायदा सांभाळून घेईल या भ्रमात राहू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात आणि जमात ‘संवेदनशील’ माहितीत होती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा हे वर्गीकरणच गळाले होते. आता या कायद्याला जात आणि चपलेचा नंबर सारखाच! तरी त्यातली एक तरतूद आमच्या कामाची आहे. संमती मागताना द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ठेवावी लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ही जबाबदारी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होते. तोवर थांबायचे कशाला?

कोणती माहिती घेतो, कशासाठी, ती कोण पाहणार, केव्हा पुसणार, तक्रार कोणाकडे करायची, एवढे सोप्या मराठीत लिहिले की धोरण झाले. वकिलाला जरूर दाखवा, समाजात वकिलांची वानवा नाही. पण आधी कार्यकारिणीने बसून खरी उत्तरे ठरवावीत. सदस्यांची यादी निवडणुकीत उमेदवाराला दिली जाते काय? जात असेल तर तसे लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर देऊ नका. लग्न होऊन चार वर्षे झाली तरी मुलीचा फोटो आणि नंबर तिथेच लटकलेला का? धम्म शिबिराच्या नोंदणीला पोटजात कशाला हवी? तो रकाना तर आजच काढा, त्याला वकीलही लागत नाही.