आधी डाव, मग वर्गणी

मराठीत रोलप्लेइंग गेम का निघत नाहीत, असा विषय निघाला की आमच्या खेळणाऱ्यांच्या गटात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘किकस्टार्टर भारतात येऊ दे, मग बघ.’ चार वर्षं मी हे ऐकतोय. त्यातली पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होतो. आता मला ही सबब वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि पुढे काय होईल हे ठरत नसेल तिथे फासे टाकतात. नियम पुस्तकात असतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या घराण्याचा मूळपुरुष. १९७४ साली त्याच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या आणि त्यांचे खोके हातांनी भरले गेले.

आजचे आकडे वेगळे आहेत. २०२१मध्ये ‘अवतार लेजंड्स’ने किकस्टार्टरवर ८१ हजारांहून जास्त लोकांकडून सुमारे ९५ लाख डॉलर जमवले. २०२४मध्ये ‘कॉस्मेअर’ने सुमारे ५५ हजार लोकांकडून दीड कोटी डॉलर. असा विक्रम झाला की आमच्या ग्रुपवर मॅच जिंकल्यासारखे मेसेज येतात. पण जरा भागाकार करून बघा. पहिल्या मोहिमेत माणशी ११७ डॉलरच्या आसपास, दुसरीत माणशी पावणेतीनशे. माणसं कमी झाली, पैसे वाढले. दोन मोहिमांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण मोठ्या मोहिमांमध्ये काय विकलं जातं ते पाहा: खास बांधणीची पुस्तकं, रंगीत फासे, छोट्या मूर्ती, आणि ‘इतके पैसे जमले तर हेही देऊ’ अशी लांबत जाणारी यादी. शिवाय या दोन्ही खेळांची दुनिया आधीच गाजलेली होती. एक टीव्ही मालिकेतून आलेला, दुसरा ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्यांतून. किकस्टार्टरने त्यांना गर्दी मिळवून दिली नाही. गर्दी आधीपासूनच होती, तिथे फक्त गल्ला मांडला गेला.

या गल्ल्यात मीही पैसे टाकलेत. कबूल केलेल्या तारखेनंतर वर्षभराने पुस्तक आलं. वर टपालखर्च आणि कस्टमची ड्युटी. मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये ते कपाटावर पडून आहे, आणि वरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. दोष त्या लोकांचा नाही. पैसे भरताना मला खेळायचं नव्हतं. मला फक्त त्या गर्दीत असायचं होतं.

भारतातल्या माणसाला भारतातल्या बँक खात्यावर किकस्टार्टरवर मोहीम काढता येत नाही, हे खरं आहे. मग न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या नावाने काढू, अशी योजना दर सहा महिन्यांनी बनते. पण समजा उद्या दार उघडलं. आपण काय ठेवणार तिथे? मराठीतला एकही नियमसंच आमच्यापैकी कोणी पुरा लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या टेबलावर, आपण समोर नसताना, तो चालतो का हे पाहिलेलं नाही. तरी लोगो तयार आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. चित्रकाराला पैसे द्यायचे कुठून? छपाई फुकट होते का? नाही होत. म्हणूनच वर्गणीला माझा विरोध नाही. किकस्टार्टरने २०१९पासून ‘झीन क्वेस्ट’ नावाचा उपक्रम चालवला. लहान पुस्तिका, लहान रक्कम. त्यातून कितीतरी नव्या लेखकांचे खेळ बाहेर आले. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

आणि हा क्रम आपल्याला नवा नाही. १९७६च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण ते दोन रुपये मागायला गावोगाव दूध सोसायट्या आधीच उभ्या होत्या, हे सांगायचं राहून जातं. मराठी प्रकाशनातली प्रकाशनपूर्व सवलतही तशीच. प्रकाशकाच्या हातात पुस्तक असतं, वाचक त्याला ओळखत असतो, म्हणून तो आगाऊ पैसे भरतो. उशीर झाला तर जाब विचारायला तो थेट दुकानात येऊ शकतो.

गेल्या पावसाळ्यात मी बारा पानं लिहिली. वसईच्या मोहिमेचा काळ, उत्तनजवळचा धारावी किल्ला. खेळणारे कोळी आहेत. रात्री, भरती असताना, त्यांना एक निरोप खाडीपलीकडे न्यायचा आहे. स्टेशनबाहेर झेरॉक्स काढल्या आणि शनिवारी पाच जणांना बसवलं. अर्ध्या तासात माझे होडीचे नियम कोसळले. उत्तनची एक मैत्रीण म्हणाली, ‘अरे, भरतीत असं कोणी वल्हवत नाही,’ आणि तिने ते जागच्या जागी बदलून दाखवले. नियम इंग्रजीत असले की आम्ही ‘आय अटॅक’ म्हणून फासा टाकतो. त्या रात्री भांडणं मराठीत झाली, मधेच गुजरातीत आणि हिंदीतही, आणि भांडताना एकही जण पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवत नव्हता. ही दुरुस्ती मला दीड कोटी डॉलरमध्येही मिळाली नसती.

तेव्हा ‘बाजार नाही’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना सांगणं एवढंच: लोगो बाजूला ठेवा. सोळा पानं लिहा. ती ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, तुम्हाला न ओळखणाऱ्या तीन गटांना द्या आणि त्यांच्या शिव्या ऐका. दुसऱ्यांदा लिहा. त्यानंतर दोनशे जणांकडे शंभर-शंभर रुपये मागा आणि सांगितलेल्या तारखेला पुस्तिका हातात द्या. पहिले शंभर रुपये माझे धरा.

माझी बारा पानं आता अठरा झालीत. होडीचे नियम अजून नीट चालत नाहीत. या शनिवारी पुन्हा बसतोय, एक खुर्ची रिकामी आहे.