‘अपात्र’ दुःखाचा कागद

शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात तेरावा होण्याआधीच कागदांची जमवाजमव सुरू होते. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सोसायटीच्या थकबाकीचा दाखला. हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते आणि ती पिशवी घेऊन बाई तहसीलच्या पायऱ्या चढते. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सरकारला मान्य असलेले कारण असेल, तर मृत्यू ‘पात्र’ ठरतो. विनापरवाना सावकाराचे कर्ज हिशेबात धरले जात नाही. 2006 मध्ये ठरलेली मदत एक लाखाची; त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. बाकीच्यांच्या कागदावर ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. हा शब्द ज्याला सुचला, त्याने तो विधवेच्या समोर बसून एकदा मोठ्याने वाचून पाहायला हवा होता.

मानसिक आघाताची जाण ठेवून काम करणे म्हणजे काय, याचे उत्तर खरे तर याच पायऱ्यांवर मिळते. जखमी माणसाला तीच हकिगत चार टेबलांवर चार वेळा सांगायला लावू नये, इतकी ती साधी गोष्ट आहे. समुपदेशक नेमणे ही नंतरची पायरी. आधी कार्यालयाने नवी जखम करणे थांबवायचे.

गावात मात्र ही जाण असलेली माणसे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘संगत’ या संस्थेने ‘विश्राम’ प्रकल्प चालवला. त्यात मनोविकारतज्ज्ञ होते, पण दारोदार फिरले ते प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते. नैराश्य हा शब्द ओट्यावर चालत नाही, ‘टेन्शन’ चालतो. झोप लागत नाही, जीव कशात रमत नाही, डोक्यात एकच घोर, असे म्हटले की बोलणे सुरू होते. ‘वेड’ हा शब्द कुठेच येत नाही आणि म्हणूनच माणूस तोंड उघडतो. दीड वर्षाने केलेल्या पाहणीत, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलेले दिसले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाच्या पदरात टाकता येणार नाही. तरी शंभरात चार जण दार ठोठावत होते, तिथे सत्तावीस ठोठावू लागले, हे थोडे नव्हे.

नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने हाच धागा पकडला आणि पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात तो साडेसहाशेच्या आसपास गावांत नेला. गावातल्याच माणसाने शेजाऱ्याचे ऐकायचे आणि त्याचे पेन्शन किंवा रेशनकार्ड अडले असेल तर त्याच्यासोबत कार्यालयातही जायचे. हे दुसरे काम दुय्यम समजण्याची चूक शहरी तज्ज्ञ हमखास करतात. पोट रिकामे असलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणे ही थट्टाच.

ओळखीच्या माणसाने ऐकून घेण्याची ही रीत परदेशातही दिसते. झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात 2005 मध्ये सरकारनेच वस्त्यांवर बुलडोझर फिरवला. पुढच्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी म्बारे वस्तीत 14 आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी, शेजारी दुखावलेला माणूस. तिथल्या शोना भाषेत मनाच्या या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अतिविचार. ‘लय विचार करतोय तो’ हे आपल्याकडेही पारावर ऐकू येतेच.

पण शेजारच मोडला तर काय, हा प्रश्न उरतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या काही तासांत, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी गेली. जमीन जितकी, त्या हिशेबाने घराचा आकार ठरला आणि आखीव चौकटींच्या गावात शेजारी पांगले. भिंती भूकंपाला टिकतील अशा झाल्या. अंगणातल्या अंगणात हाक मारायची सोय मात्र गेली. याच भागातल्या घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उतरल्या आणि 2001 मध्ये कच्छ हादरला तेव्हा लातूरच्या बायका तिकडे धावल्या. आपले घर पडलेले ज्याने पाहिले आहे, त्याला समोरच्या ढिगाऱ्याबद्दल फार प्रश्न विचारावे लागत नाहीत.

मनाच्या दुखण्यासाठी गावातलेच माणूस लागते, हे राज्य सरकारला कळत नाही असे नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला गेला, त्यात घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायचे काम आशाताईंकडे आले. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, आणि आता मनाचाही कागद. याच आशाताईंना 2023 मध्ये मोबदल्यासाठी संप करावा लागला. ज्यांनी दुसऱ्याचे टेन्शन ऐकायचे, त्यांचे टेन्शन सरकारनेच वाढवायचे, असा हा कारभार.

जूनमध्ये बियाणे, पीककर्जाचे नूतनीकरण आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदमच येतो. त्याआधी आशाताईंचे थकलेले पैसे चुकते व्हावेत. पात्र-अपात्रतेचे कागद विधवेने नव्हे, तलाठ्याने गोळा करावेत. आणि अर्ज नामंजूर झालाच, तर तसे सांगणारे पत्र पोस्टाने पाठवून मोकळे न होता, ओळखीचे कोणीतरी ते घेऊन घरी जावे आणि थोडा वेळ बसावे.