मोजणीबाहेरच्या वस्त्या

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरावे शहरांविषयी आहे. त्याचा पहिलाच निर्देशक म्हणजे झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या नागरी जनतेचे प्रमाण. भारतात ते किती? २०११ च्या जनगणनेचे उत्तर: सुमारे साडेसहा कोटी माणसे, नागरी लोकसंख्येच्या १७.४ टक्के.

हा आकडा कसा सिद्ध झाला, हे पाहण्यासारखे आहे. सरकारने अधिसूचित वा मान्य न केलेली वस्ती निदान तीनशे माणसांची किंवा ६०-७० कुटुंबांची असेल तरच ती झोपडपट्टी ठरली. रेल्वेरुळांकडेची चाळीस खोपटी त्या हिशेबात नाहीत. शिवाय ही मोजणी ४,०४१ वैधानिक शहरांपुरतीच होती. जनगणनेने ज्यांना शहर म्हटले, पण ज्यांना नगरपालिका मिळाली नाही, अशी ३,८९४ गावे तीतून वगळली गेली. कारखान्यांभोवती फुगतात ती बहुधा अशीच गावे, आणि कंत्राटी कामगार राहतो तोही तेथेच. उलट, एखादी वस्ती जमीनदोस्त केली की प्रमाण घटते आणि कागदावर प्रगती होते!

२०२१ ची जनगणना झालीच नाही. तरीही त्याच वर्षी नीती आयोगाने ५६ शहरांची गुणानुक्रमे यादी प्रसिद्ध करून सिमल्यास पहिला क्रमांक दिला.

२०२७ च्या जनगणनेत ही साठ कुटुंबांची अट रद्द व्हावी, नगरपालिका नसलेली शहरेही मोजली जावीत आणि वस्त्यांच्या याद्या त्या-त्या वस्तीत जाहीरपणे वाचून दाखविल्या जाव्यात, ही मागणी कामगार संघटनांनी व पक्षशाखांनी लावून धरली पाहिजे.